नारायण पेठेतल्या काकूंना, ज्यांचं नाव विचारायचं राहून गेलं

काकू, सप्रेम नमस्कार.

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. दुपारी दोनच्या सुमारास तुमच्या वाड्याची बेल वाजवणाऱ्या तिघी आठवतात का? अडुसष्ट वर्षांची, चपला हातात घेतलेली एक आजी, दहा वर्षांची एक मुलगी आणि या दोघींच्या मधे रडवेल्या चेहऱ्याची मी. आम्ही अकोल्याच्या. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, नावही विचारलं नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. पेठेतल्या कुणी ना कुणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

पुण्याची मिरवणूक 'एकदा डोळ्यांनी पाहायची' हा आईचा हट्ट. आमच्याकडे अकोल्यात मानाचा पहिला म्हणजे बाराभाई गणपती. त्याची मिरवणूक तिने लहानपणापासून पाहिलेली. पण पुण्याची दरवर्षी टीव्हीवर. यंदा विसर्जन शनिवारी आलं, सुट्टीचा प्रश्न नव्हता, महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटंही मिळाली. स्टेशनजवळच्या लॉजने ॲडव्हान्स घेऊनही आयत्या वेळी भाडं वाढवून मागितलं आणि खोली दिली ती चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. असो. त्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र भलतीकडेच जाईल.

सकाळी लवकर लक्ष्मी रोडवर जागा धरली, कुंटे चौकाच्या थोडं पुढे. रस्ताभर रांगोळी. कसब्याची पालखी आली तेव्हा आईने चपला काढून हात जोडले, त्या चपला पुन्हा पायात गेल्याच नाहीत, पाय इतके सुजले होते. मग तांबडी जोगेश्वरीची पालखी, मग गुरुजी तालीम. प्रत्येक गणपतीपुढे ढोल-ताशाची पथकं, आणि एकेक पथक चौकात थांबून वाजवतंय. "मायवं, छातीत वाजून राह्यलं," आई म्हणाली. खूश होती. मीही मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

तुळशीबागेची उंच मूर्ती लांबून दिसायला लागली आणि आईने माझा दंड धरला. कानात म्हणाली, "मले जावं लागते."

काकू, तिला शुगर आहे, बीपीच्या गोळीनेही सारखं जावं लागतं. म्हणून सकाळपासून तिने पाणीच प्यायलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं. मला न सांगता तिने ते ठरवून टाकलं होतं, जसं आपण बायका एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी ठरवतो. मीही सकाळपासून दोनच घोट घेतले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गर्दीतून मागे सरकत बोळात शिरलो. एक फिरतं शौचालय दिसलं. तिथे रांग तीस-चाळीस बायकांची, आणि आतून बाहेर आलेली मुलगी मैत्रिणीला सांगत होती, कडी नाही, पाणी नाही. एका हॉटेलात विचारलं, 'फक्त गिऱ्हाईकांसाठी' म्हणाले. गिऱ्हाईक व्हायलाही तयार होते मी, पण बसायला जागा नव्हती. आई काही बोलत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

मग तुमचा दरवाजा. त्यावरची पाटी मला अजून पाठ आहे: 'येथे स्वच्छतागृहाची सोय नाही. कृपया बेल वाजवू नये.' पुणेरी पाट्यांचे विनोद आम्हीही व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो. त्या क्षणी मात्र हसू आलं नाही. मी बेल वाजवली.

तुम्ही आलात, गाउनवर ओढणी घेऊन, हाताला डाळीचं पीठ. "पाटी वाचली नाही का?"

"वाचली हो काकू, पण आई…"

तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. आईच्या पायांकडे बघितलंत. "या. चौकातून डावीकडे. कडी बसत नाही नीट, मी उभी राहते बाहेर." आणि खरंच दाराला पाठ लावून उभ्या राहिलात. आई झाली, मुलगी झाली, मी झाले, तेवढ्यात पथकातल्या दोन मुली पांढऱ्या कुर्त्यात, कमरेला ढोलाचा पट्टा, बेल न वाजवताच आत. "काकू, आलो हं." दरवर्षी येतात म्हणालात. मी पाटीचं विचारलं तर म्हणालात, "ती ह्यांनी लावलीय."

'हे' आतल्या खोलीत मिरवणूक बघत होते. टीव्हीवर! खिडकीतून लक्ष्मी रोडचा ढोल ऐकू येत होता आणि थोड्या वेळाने टीव्हीतून ढोल यायचा, तो वेगळाच. काकांनी आईला खुर्ची दिली, पायांखाली पाट सरकवला आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मानाचा पाचवा, केसरीवाड्याचा, आईने शेवटी टीव्हीवरच पाहिला. एवढी रात्र जागून, तिकीट काढून. तिची मुळीच तक्रार नव्हती. "इथून चांगला दिसते," म्हणाली.

तुम्ही आधी ताक दिलंत, साखर न घालता. शुगरचं सांगितलं नव्हतं. गोळ्यांची पिशवी बघितली असणार तुम्ही. मग वाटली डाळ. विसर्जनाला तुमच्याकडे ही लागतेच म्हणालात. आमच्याकडे हा प्रकार नाही, म्हणून आईने कृती विचारली आणि तुम्ही दोघी हरभऱ्याची डाळ किती भरड ठेवायची, यावर जवळपास अर्धा तास बोललात. मी आणि मुलगी तेवढ्या वेळात भिंतीला टेकून झोपलो. काकू, अनोळखी घरात झोप लागलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

पाच वाजता तुम्ही घरचा गणपती काढलात. शाडूचा, वीतभर. चौकात पाटावर नवी बादली, तिला कुंकवाची बोटं लावलेली. आरतीला टाळ माझ्या मुलीकडे दिलेत, तिने ते चुकीच्या तालात वाजवले आणि काका पहिल्यांदा हसले. मूर्ती सोडली तेव्हा आधी नुसते बुडबुडे आले, मग एका कानाची कड सुटली, मग पाणी गढूळ. बाहेर ढोल, ताशे, लाखो माणसं, आणि आम्ही सहा जण (शेजारचे आजोबाही आले होते) एका बादलीत वाकून बघत होतो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रोडवर इतके गणपती गेले तेव्हा नव्हतं आलं.

आणि परतीची वाट! मी लक्ष्मी रोडने जायचं म्हणत होते. तुम्ही डोक्याला हात लावलात. लक्ष्मी रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड, टिळक रोड, चारही बाजूंच्या मिरवणुका अलका चौकातच येऊन मिळतात, मधल्या पेठा म्हणजे आज बेटं, असं तुम्ही ताटलीवर बोटाने काढून दाखवलंत. नदीकडे निघा, केळकर रोड एकदाच ओलांडा, मग पूल, पलीकडे डेक्कनला मेट्रो, आज रात्रभर आहे. इतकं सांगून थांबला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही त्याच गाउनवर, त्याच ओढणीत, केळकर रोडपर्यंत आलात. दोर धरून उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला, "ए बाळा, दोर खाली घे, आजी आहेत." त्याने घेतला. दोन मंडळांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आम्ही पलीकडे. मागे वळून बघितलं तोवर पुढचं पथक आलं होतं आणि तुम्ही दिसेनाशा झालात.

त्या घाईत आभार मानायचे राहिले. तेवढ्यासाठी हे पत्र. मनापासून आभार, काकू. काकांनाही सांगा. पाटीबद्दल माझा काही राग नाही. पाटी नसती तर दिवसभरात तुमच्या दाराशी किती रांग लागली असती, ते मला कळतं.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. माझी निळी छत्री तुमच्या खुंटीवर आहे. आणि वाटली डाळ बांधून दिलेला श्रीखंडाचा डबा आमच्याकडे. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून आईने त्यात मुगवड्या भरून ठेवल्यात, झाकणावर चिकटपट्टी लावून 'पुण्याच्या काकू' असं लिहिलंय. कुणी तुम्हाला हे वाचून दाखवलं तर त्यांच्याकरवी पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
अकोल्याची, निळ्या छत्रीवाली