आठशे बदलांतला एक

मा. संपादक, स. न.

मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळते. मार्चअखेरीस एका आजोबांनी पासबुकावर पेन्सिलीने खुणा करून व्याजात काही रुपये कमी पडल्याचं दाखवलं. जानेवारीत हिशेब चोख होता, पण नंतर कोडमध्ये ८०० बदल झाले होते. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या, संगणकतज्ज्ञ लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये आणलेल्या ‘गिट’ या प्रणालीतली ‘बायसेक्ट’ ही कमांड नेमका मधला बदल समोर ठेवते. तिथे चूक दिसली तर मागे शोधायचं, नाहीतर पुढे. दरवेळी निम्मं काम संपतं. दहाव्या चाचणीत बदल सापडला. रोजच्या व्याजातले रुपयांपुढचे पैसे सोडून बेरीज होत होती! त्या बदलाशेजारी नोंद फक्त ‘किरकोळ दुरुस्ती’. आजोबांच्या त्या खुणा डोळ्यांसमोर आल्या. महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकात ही पद्धत आणि नीट नोंद लिहिणं, दोन्ही शिकवावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे