मराठी स्पीच थेरपीच्या रिसर्चलाही फेलोशिप द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

बाबांना स्ट्रोक आला न् बोलणंच गेलं, अ‍ॅफेजिया म्हणतात त्याला, स्पीच थेरपिस्ट ताई घरी यायची तर तिच्या चित्रांच्या कार्डांवर टोस्टर न् स्नोमॅन, बाबा नुसते बघत बसायचे, शेवटी आईने विळी पुढे धरली तेव्हा कुठे 'वि...वि...' निघालं! ताईचा दोष नाही, तिच्याकडे मराठी कार्डंच नव्हती. ती बनवायला चहातला च वेगळा, चाकातला वेगळा हे कळणारे तरुण रिसर्चर लागतात. बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्था आहेत की, बांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, म्हैसूरची त्याहून जुनी. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची ज्युनियर रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, ठीकय, पण दिवसभर पेशंट बघणाऱ्या पोरांना रिसर्च शिकायला वेगळी दोन-तीन वर्षांची फेलोशिप द्या की, आणि पैसे दर महिन्याला, सहा महिन्यांनी नको.

– एक वाचक, सातारा