तुझी निळी सायकल, आपलं फाटक आणि तात्याचा हट्ट

चाळीसगाव,
आषाढाचा पहिला आठवडा

प्रिय बाळ्या,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी झालंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. तुझी निळी सायकल पडली. वर तात्याचा सोनू होता. आणि पडली कुठे, तर आपल्या रेल्वे फाटकावर, पावसाचा पहिला शिंतोडा झाल्यावर, दहा मिनिटांच्या आत. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "पोरं पडतातच" म्हणून मोकळे होतात. तुला त्या रुळांचा तिरकेपणा माहीत आहे आणि त्या सायकलीच्या रिमाही माहीत आहेत, म्हणून तुलाच लिहितोय.

इकडे सगळं ठीक. बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा होता तसाच. पुढे.

सोनूला वरवर फार लागलं नाही. कोपर खरचटलं, गुडघा सोलवटला, हेल्मेट शाबूत. तो पडताना हात टेकवून पडला, तिथेच घोडं अडलंय. उजव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला दुखतंय. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. तरी डॉक्टरांनी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं आणि बारा दिवसांनी परत या म्हणाले. झालं, तात्याचं सुरू! फोटोत काही नाही तर प्लास्टर कशाला, पेरणीचे दिवस आहेत, पोराचा हात अडकून पडलाय, कापून टाकतो आणि गावातल्या हाडवैद्याकडून चोळून घेतो. मी समजावलं तर म्हणतो, "तुले काय समजस?" आता तात्या जगात फक्त तुझं ऐकतो, हे तुलाही माहीत आहे. ऊस लावायचा सल्ला तू दिलास, तो बुडाला, तरी तुझंच ऐकतो.

म्हणून नीट वाच आणि त्याला तसंच सांग. अंगठा वर ताणला की मनगटाजवळ दोन शिरा उठतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात बोट दाबलं आणि जीव कळवळला, किंवा अंगठा त्याच्याच रेषेत मनगटाकडे ढकलला आणि कळ आली, तर स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड मोडलेलं असू शकतं. सोनूला दोन्हीकडे कळ येत होती. हात टेकून पडणाऱ्यांचं हेच हाड जातं, आणि ते पहिल्या फोटोत बरेचदा दिसतच नाही. चीर केसाएवढी असते, दहा ते चौदा दिवसांनी तिच्या कडा विरल्या की मग उमटते. तोवर मोडलंय असं धरूनच प्लास्टर ठेवायचं असतं. दुसऱ्या फोटोतही शंका राहिली तर एमआरआय किंवा सीटी काढतात.

तात्याला पटेल असं सांगायचं तर पाण्याच्या भाषेत सांग. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून येतं आणि कोपराकडच्या टोकापर्यंत उलटं जातं. मध्ये मोडलं की पाट फुटल्यासारखं होतं, शेवटच्या वाफ्याला पाणीच नाही. तो तुकडा हळूहळू मरतो, हाड जुळत नाही, आणि काही वर्षांनी मनगट झिजून पोराला साधी बादली उचलता येत नाही. वेळेत धरलं तर सहा ते बारा आठवडे प्लास्टर, हाड सरकलेलं असेल तर बारीक स्क्रू, की झालं. चोळणं मात्र अजिबात नाही. मोडलेलं हाड चोळलं तर ते सरकतं, इतकं साधं आहे. पेरणीला माझा पुतण्या पाठवतो म्हणावं.

कोपराच्या खरचटण्यावर मावशीने हळद दाबली होती, त्याआधी कुणीतरी कॉफी. खरचटलेल्यावर धार धरून स्वच्छ पाणी, पाच-दहा मिनिटं, आणि आत रुतलेली खडी-माती निघेपर्यंत ओल्या गॉजने पुसणं, एवढंच काम असतं. ती खडी आत राहिली तर कातडीखाली कायमचा काळा डाग राहतो, शिवाय पिकतं. स्पिरिट आणि फेसाळणारं औषध जखमेत ओतायचं नाही, ते नवी कातडीही जाळतं. वर पेट्रोलियम जेली, त्यावर न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची. "हवा लागू द्या, खपली धरू द्या" हा आपल्या आयांचा कायदा चुकीचा आहे. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते आणि व्रणही कमी राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. रस्त्याची माती लागलेल्या जखमेला शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर घ्यावंच लागतं.

आता फाटक. तिथे रूळ रस्त्याला किती तिरके जातात ते तुला सांगायला नको. रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी दोनेक इंचाची खाच असते, त्यात सायकलचं चाक सहज जातं. पण ओल्यात खाचेपर्यंत जायचीही गरज नसते, लोखंडावर टायर तिरका चढला की तिथेच निसटतो. म्हणून रुळ काटकोनात कापायचे, निदान ६० अंशांच्या वर. त्यासाठी आधी मागे वळून बघायचं, मग उजवीकडे रुंदी घ्यायची आणि वळून सरळ आडवं जायचं. रुळावर ब्रेक नाही, पायडल मारणं नाही, हँडल हलवणं नाही. दोन्ही पायडल समपातळीत, बूड सीटवरून जरा उचललेलं. मागून ट्रक असेल आणि रुंदी मिळत नसेल तर उतरायचं आणि ढकलत न्यायची. सोनू न उतरण्याचं कारण काय, तर मागे मुली होत्या. यावर तू काही बोलू नकोस, तुझा इतिहास माझ्याकडे आहे.

पण दोष सगळा पोराचा नाही. त्या सायकलीला अजून तुझ्याच वेळच्या स्टीलच्या रिमा आहेत, क्रोम केलेल्या, चकचकीत. सुक्यात ठीक. भिजल्या की ब्रेक असून नसल्यासारखा. ब्रेकचं रबर पाण्याच्या थरावरून घसरत राहतं, चाकाचे दोन-चार फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात आणि तोवर फाटक येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमेलाही पाणी लागतंच, पण पुष्कळ कमी. मी सोनूला सांगितलंय की रिमा बदलल्याशिवाय पावसात ती सायकल बाहेर काढायची नाही. चाकातल्या जुन्या तारा नव्या रिमेला लांबीत बसतीलच असं नाही, तेव्हा तारा मोजूनच रिम घ्यायची, ३६ भोकांची. ब्रेक शू, म्हणजे ती रबरं, तीसुद्धा नवी. जुनी दगडासारखी झालीत, नख रुततच नाही.

आणि आता तोच तो आपला भांडणाचा विषय. पुढचा ब्रेक. तुझ्याच शिकवणीमुळे गावातली निम्मी पोरं पुढच्या ब्रेकला हात लावत नाहीत, "डोक्यावरून फेकते" म्हणून. सुक्या डांबरावर तू साफ चूक आहेस. ब्रेक धरला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. थांबवण्याची ताकद बहुतेक पुढेच असते. ताशी २५ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला सात मीटर. दोन्ही ब्रेक नीट धरले तर सुक्यात साधारण पाच मीटरमध्ये सायकल थांबते, नुसत्या मागच्यावर दुप्पट जाते. घसरड्यावर मात्र, मान्य, तू अर्धा बरोबर आहेस. तिथे जोरात ब्रेक लागतच नाही, म्हणून वजन पुढे सरकत नाही आणि मागच्या चाकाला काम उरतं. मागचं चाक अडकलं तर सायकल शेपूट हलवते, सावरता येतं. पुढचं अडकलं तर कळायच्या आत जमीन. म्हणून ओल्यात दोन्ही ब्रेक, हलके, लवकर, आणि सायकल सरळ उभी असतानाच. वळणात शिरायच्या आधी वेग उतरवून ब्रेक सोडून द्यायचे. तीच २५ ची गती ओल्यात थांबवायला बारा-तेरा मीटर धर, वर विचार करण्याचे सात. आणि गरज पडायच्या आधीच शू रिमेला हलके टेकवत पाणी पुसत राहायचं. अर्धा बरोबर म्हटलंय, पूर्ण नाही. उगाच पार्टी मागू नकोस.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. पोरांनी श्रावणातल्या रविवारी कन्नड घाट ठरवलाय. चढायचं, धुक्यात फोटो काढायचे, उतरून पाटणादेवी. मला बरोबर यायला सांगतायत, म्हणजे पंक्चर काढायला. घाट २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी पडून बंद पडला होता हे त्यांच्या गावीही नाही. नको म्हणून ऐकणार नाहीत, तेव्हा निदान अटी घालाव्यात म्हणतो.

पहिली, पहिल्या सरीत नाही. उन्हाळाभर रस्त्यावर डिझेल, ऑइल, टायरची भुकटी आणि धूळ बसते. पहिला शिंतोडा त्याचं वंगण करतो. तास-दोन तास दणकून पाऊस झाला की रस्ता धुतला जातो आणि पकड परत येते. रिमझिम ही मुसळधारेपेक्षा वाईट, हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही. दुसरं, आपली काळी माती. शेतातून ट्रॅक्टर डांबरावर चढतो तिथे दोन्ही चाकांच्या पट्ट्यांनी चिखल येतो, तो वाळलेला असला तर दिसतो, ओला झाला की डांबराच्या रंगात मिसळतो. शेतरस्ता मिळतो त्या प्रत्येक फाट्यावर वेग कमी. गिरणेची वाळू वाहणारे ट्रॅक्टर वळणाच्या आतल्या बाजूला सांडत जातात, तिथे आतून कापायचं नाही. पुढच्या वेळी रावेर-यावलकडून पाल गावाला जायचं म्हणतायत, तिकडे केळीची पानं आणि खांबांचा चोथा रस्त्यावर असतो, त्यावर तर सरळ जातानाही ब्रेक नाही. पांढऱ्या पट्ट्या, गटारांची लोखंडी झाकणं, पुलांवरचे लोखंडी सांधे, सगळं रुळांच्याच जातीचं. डबकं दिसलं तर त्याच्या बाजूने. खाली खड्डा आहे की काय ते पाणी सांगत नाही.

महामार्गाची कड मला सगळ्यात जास्त सतावते. काँक्रीट वर, साइडपट्टी पावसाने खचून तीन-चार इंच खाली. ट्रकने हॉर्न दिला की पोरगं घाबरून खाली उतरतं आणि लगेच तिरकं वर चढायला बघतं. पुढचं चाक कडेला घासतं आणि सायकल रस्त्याच्या आत, ट्रकच्या बाजूला पडते. उतरलास तर खालीच राहा, वेग मरू दे, थांब, उचलून वर घे. यात हुशारी दाखवायला जागा नाही.

टायरच्या नक्षीवरून वाद नको. डांबरावर सायकलच्या टायरला नक्षी लागत नाही, आपल्या वेगाला तो पाण्यावर तरंगत नाही. रबर मऊ हवं. आपल्या मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या टायरचं रबर कडक होतं, कडेला भेगा पडतात. असा टायर जाडीने नवा दिसला तरी काढायचा. हवा जरा कमी: तुझ्या निळीला १¼ इंची टायर, सोनूचं वजन ६०, तर पुढे ५० आणि मागे ५५-६० पीएसआय पुरे. तू ठासून भरायचास ते विसर.

वळणात बाहेरचा पाय खाली, सगळं वजन त्याच्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. चपला घालून कुणी आला तर घरी पाठवणार. हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं तपासणार, हसू नकोस. बूच नसलेली नळी पडताना पोटात शिरते. हँडल पोटावर आदळलं आणि नंतर पोट दुखत राहिलं किंवा डावा खांदा दुखायला लागला, तर बाहेरून ओरखडाही नसला तरी दवाखाना. पोटात डावीकडे असलेली प्लीहा फाटलेली असू शकते. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बाद, त्यातला फोम एकदाच दबतो. आणि त्या पोराने त्या दिवशी परत सायकलवर बसायचं नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेची गुंगी, झटके, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, यातलं काहीही दिसलं तर १०८. पडल्यावर तासभर चांगला बोलून नंतर बेशुद्ध होणारेही असतात, म्हणून चोवीस तास कुणीतरी जवळ. अण्णा यायचं म्हणतोय. तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, त्याला मी भरीत करायला मागेच ठेवणार. उन्हाळी वांग्यांचं का होईना.

आणखी एक. पडलेली सायकल उचलून लगेच निघतात ना, ते नाही. गिअरवाली उजवीकडे पडली असेल तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आत वाकतो. घाटात हलका गिअर टाकला की तो तारांत जातो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. मागून उभं राहून बघायचं, चेन सरळ उभ्या रेषेत आहे का. पुढचं चाक धरणारा चिमटा, हँडल, ब्रेक बघायचे, चाक फिरवून बघायचं. मग निघायचं.

तुझं काय? बदलीचं झालं की अजून लोंबकळतंय? मीराला फार्मसी मिळाली म्हणे, छान झालं. वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

दुसऱ्या फोटोची तारीख शुक्रवार आहे. तात्याला गुरुवारी रात्री आठनंतर फोन कर, जेवण झाल्यावर तो जरा माणसात असतो. आधी पाऊसपाणी विचार, एकदम हातावर येऊ नकोस. माझं नाव काढू नकोस, नाहीतर मुद्दाम प्लास्टर कापेल. आणि तिकडे मोठ्या दुकानात ओल्यासाठीचे मऊ ब्रेक शू मिळाले तर चार जोड घेऊन पाठव, पैसे लगेच देतो. आटेवाले घे, घुसवायचे नकोत.

तुझा,
भाऊ

ता. क. निळीचा चिमटा वाकलेला नाही, मी दोरी लावून पाहिलं. डाव्या पायडलचा आटा मात्र गेलाय. तो उलटा असतो हे तू १९९७ साली मान्य केलं नव्हतंस, अजून करतोस का ते कळव.