ताडोब्यात अस्वल दिसलं रे!

प्रिय निल्या,

कालच ताडोब्याहून परत आलो, अजून केसातली धूळ गेली नाहीये पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. तुझा पहिला प्रश्न मला माहितीये, तर हो, वाघ दिसला. पंढरपौनीकडे, पण दोन्ही बाजूंनी जिप्सींची रांग, सगळे उभे राहून फोटो काढतायत, वाघीण बिचारी वाट शोधत गवतात शिरली. फोटो आलेत, शार्प आहेत, पण खरं सांगू का, मला त्यात काहीच वाटत नाहीये.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी. गाइडला आधीच सांगून टाकलं की दादा, आज 'अमुक ठिकाणी वाघ दिसला' अशा साइटिंगच्या मेसेजमागे पळायचं नाही, पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून बसू. मे महिन्यात सगळं रान वाळलेलं, सागाला पान नाही, पाणी जिथे तिथेच जनावर येणार. बराच वेळ नुसते चितळ आणि वानरं. मध्येच चितळ ओरडायला लागलं, मी कॅमेरा उचलला तर गाइड म्हणाला थांबा, चितळ कशालाही कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देतं, सांबराने दिला तर खरा धरायचा. आणि खरंच, रानकुत्री निघाली! तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, पाणी पिऊन शिट्टीसारखा आवाज काढत गेली पण.

मग बांबूमागून फूं फूं असा आवाज यायला लागला. अस्वल! वारूळ उकरत होतं. आधी फुंकर मारून माती उडवायची, मग तोंड लावून वाळवी जोरात ओढायची, वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच म्हणून ओढायला मधे मोकळी वाट मिळते, आणि ओढताना नाकपुड्या मिटून घेतं म्हणजे माती आत जात नाही. हे सगळं वाचलं होतं रे, पण त्या लांब पांढुरक्या नख्या आणि ओठांची ती नळी समोर बघणं वेगळंच. गाड्या पळवत असतो तर तो आवाज कानावर आलाच नसता.

आता तुझ्या कामाचं. अस्वलाने फ्रेम भरली की कॅमेरा काळ्याचा करडा करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं मायनसला घे, म्हणजे फोटो जरा गडद येऊ दे. फोकस डोळ्यावरच, केसांवर गेला की फोटो मेला. सकाळी उजेड कमी असतो तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) वाढव, घाबरू नकोस, त्याने येणारा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर काढता येतो, हललेला फोटो नाही. पळत्या जनावराला शटर स्पीड 1/1000 सेकंद तरी हवाच. जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते, लेन्स टेकवायला बीन बॅग (दाणे भरलेली पिशवी) आण. आणि ऊन चढलं की लांबचे फोटो घेऊच नकोस, गरम हवेने सगळं थरथरतं, कितीही भारी लेन्स असली तरी.

ताडोबा राज्यातलं सगळ्यात जुनं नॅशनल पार्क, 1955 चं, आणि तू अजून एकदाही गेला नाहीस हे मला पटतच नाही. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद होतं, मंगळवारी सुट्टी असते, त्यामुळे ऑक्टोबरनंतरची तारीख बघ. हिवाळ्यात गवत उंच असतं, साइटिंग कमी होईल, पण उजेड मस्त मिळतो आणि माझी तर तयारी आहेच. मोहर्ली गेटचं बुकिंग मी करतो, तू फक्त सुट्टी टाक आणि कळव.

तुझाच,
पक्या