‘रात्री झोपताना’ हे शब्द मागे घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा लेख वाचला. स्क्रब टायफससाठी, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापासाठी, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हे बरोबर छापलंत. चाव्याच्या जागेवरची, काखेतली, जांघेतली काळी खपली शोधा, हेही बरोबर. पण ‘रात्री झोपताना घोटभर पाण्यासोबत’ हे कुणी लिहिलं?

ही कॅप्सूल नेमकी तशीच घ्यायची नसते. औषध आम्लधर्मी आहे. कॅप्सूलचं कवच ओलं झालं की चिकट होतं. घोटभर पाण्यात ती छातीच्या मध्यावर अन्ननलिकेला चिकटते, तिथेच विरघळते आणि आतलं अस्तर पोळून निघतं. मग थुंकी गिळतानाही कळ येते. रुग्णाला वाटतं ॲसिडिटी झाली, म्हणून तो अँटासिड घेतो. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम पुढच्या डोसचं औषध पोटातच बांधून टाकतं. जखम झाली ती झालीच, वर ताप हटत नाही. साधारणपणे दोन दिवसांत उतरायला हवा तो ताप!

कॅप्सूल जेवणानंतर, ताठ बसून, पेलाभर म्हणजे २०० मिली पाण्यासोबत घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सकाळी आठ, रात्री आठ ही वेळ सोयीची.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या कितीतरी बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतात. लोहाची गोळी आणि ही कॅप्सूल एकत्र घेतली तर कॅप्सूल वाया जाते. मध्ये दोन-तीन तास हवेत. गरोदर बाईला तर हे औषध सहसा देतच नाहीत, ॲझिथ्रोमायसिन देतात. निफाड-दिंडोरीत द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, कारण या औषधावर असताना कातडी चटकन भाजते. यातलं एक अक्षरही लेखात नाही.

जाता जाता आणखी एक. मेडिकलवाले पट्टी कापून चार कॅप्सूल देतात आणि मुदतीची तारीख नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. मुदत उलटून खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६०च्या दशकापासून आहे, आणि डॉक्सिसायक्लिन त्याच कुळातलं. गिऱ्हाइकाने तारीख पाकिटावर लिहून मागावी.

दुरुस्ती उद्याच, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा. कात्रण काढून घरात चिकटवणारे वाचक आहेत तुमचे.

आपला,
एक फार्मासिस्ट, पंचवटी, नाशिक