माफक किमतीच्या दुर्बिणीचे परीक्षण कसे व्हावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत निसर्गनिरीक्षणासाठी घ्यावयाच्या माफक किमतीच्या दुर्बिणींचे जे तुलनात्मक परीक्षण प्रसिद्ध झाले, ते वाचून हे पत्र लिहीत आहे. महागड्या दुर्बिणींची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु पहिल्यांदाच दुर्बीण घेणाऱ्याला गरज असते ती बेताच्या किमतीत काय मिळते आणि काय मिळत नाही हे सांगणाऱ्याची. तो विषय आपण घेतला याबद्दल आभार. मात्र गुण देताना ‘किती पट मोठे दिसते’ या एका बाबीला तेथे जे वजन दिले गेले आणि प्रत्येक प्रकारातील एकच दुर्बीण पाहून जो निकाल लावला गेला, त्या दोहोंविषयी माझा आक्षेप आहे. महाग दुर्बिणींच्या बाबतीत या पद्धतीने फारसे बिघडत नाही, स्वस्त दुर्बिणींच्या बाबतीत मात्र तिने वाचकाची दिशाभूल होते.

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×२५ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो, इतके परीक्षणात आले आहे. पण उपयोगाची माहिती या दोन आकड्यांच्या भागाकारात असते आणि तो कोठेच केलेला नाही. व्यासाला पटीने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर, तर १०×२५ मध्ये केवळ २.५ मिलिमीटर येते. भर उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे दुपारी दुकानाच्या दारात उभे राहून पाहणाऱ्याला या तिन्हींच्या उजेडात विशेष फरक जाणवत नाही. पण बहुतेक पक्षी आणि प्राणी ज्या वेळी हालचाल करतात त्या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या वेळी बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक विस्फारते, आणि अशा वेळी २.५ मिलिमीटरचा झोत तिच्या क्षेत्रफळाचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो. खिशात मावणारी, दहापट दाखवणारी दुर्बीण झाडीतल्या काळोखात निरुपयोगी ठरते ती यामुळे.

या संदर्भात आपल्या तक्त्यात छापलेल्या ‘संधिप्रकाश गुणांका’विषयीही लिहिले पाहिजे. दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा गुणांक. त्यानुसार ८×३२ ला १६ आणि १०×२५ ला १५.८ गुण मिळतात, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच ठरतात. प्रत्यक्षात पहिलीचा झोत ४ मिलिमीटरचा आणि दुसरीचा २.५ मिलिमीटरचा असल्यामुळे अंधूक उजेडात पहिलीतील प्रतिमा सुमारे अडीचपट उजळ असते. शिवाय या गुणांकात काचेचा किंवा तिच्यावरील लेपाचा दर्जा कोठेच धरलेला नसतो, त्यामुळे गढूळ दिसणाऱ्या दुर्बिणीलाही तो चांगल्या दुर्बिणीइतकाच मिळतो. मोठी पट घेताना आणखी एक गोष्ट सोबत येते ती म्हणजे हाताचा कंप, कारण प्रतिमा जितकी मोठी होते तितकाच कंपही मोठा होतो. दहापटीच्या पुढे आधाराशिवाय दुर्बीण स्थिर धरणे बहुतेकांना जमत नाही. कंपाने जे बारकावे पुसले जातात ते वाढीव पटीतून परत मिळत नाहीत. म्हणून आपल्या क्रमवारीत तळाला गेलेली आठपटीची दुर्बीण मी नवख्या निरीक्षकाला नि:संकोच सुचवीन.

पट वाढली की दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा देखाव्याचा भाग, हेही बहुधा आकुंचन पावते. पानांआड क्षणभर दिसलेला पक्षी दुर्बिणीत सापडतो की नाही हे मुख्यत: दृष्टिक्षेत्रावर अवलंबून असते, आणि नवख्याची सर्वांत मोठी तक्रारही तीच असते की डोळ्यांना दिसते ते दुर्बिणीत सापडत नाही. आपल्या परीक्षणात एका दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र १३१ आणि दुसरीचे ३९३ असे एकाच रकान्यात दिले आहे. त्यावरून दुसरी तिपटीने विस्तृत आहे असा समज होईल, परंतु पहिला आकडा हजार मीटर अंतरावरील मीटरचा आणि दुसरा हजार यार्ड अंतरावरील फुटांचा आहे. दोन्ही दुर्बिणी साडेसात अंशांच्याच आहेत. असे आकडे अंशांत दिल्यास घोटाळा राहणार नाही.

आता काचेच्या आतल्या गोष्टींकडे वळतो, कारण किंमत कमी करताना कात्री प्रथम तेथेच लागते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीच्या एका नळीत हवेला भिडणारे असे सुमारे दहा पृष्ठभाग असतात, म्हणजे लेपाशिवाय एकतृतीयांश प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही नळीत इकडेतिकडे परावर्तित होऊन प्रतिमेवर धुरकट पडदा ओढतो. परावर्तन रोखणाऱ्या लेपाचा शोध १९३५ साली जर्मनीतील येना येथील झाइस या दुर्बिणी-भिंगांच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी लावला. आज बहुतेक दुर्बिणी लेप असलेल्याच विकल्या जातात. पण ‘कोटेड’ याचा अर्थ कोठेतरी एक थर आहे इतकाच होतो, तर ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला भिडणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर असणे अपेक्षित असते. वेष्टनावरील शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. समोरच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. आत एकामागे एक दिसणारी प्रतिबिंबे मंद आणि हिरवट किंवा जांभळट असली तर लेप आहे, आणि त्यांतले एखादे लख्ख पांढरे दिसले तर तो पृष्ठभाग उघडाच सोडलेला आहे. लालभडक चमकणाऱ्या भिंगांना मात्र दुरूनच नमस्कार करावा. ती लाल प्रकाश परत फेकतात, त्यामुळे दृश्याला हिरवट छटा येते, आणि पक्ष्याच्या रंगावरून त्याची ओळख पटवणाऱ्याला याहून वाईट काय असणार?

लोलकांच्या, म्हणजे उलटी प्रतिमा सुलटी करणाऱ्या आतील काचेच्या ठोकळ्यांच्या, बाबतीत आपल्या परीक्षणाचा कल सरळ नळीच्या, दिसायला आटोपशीर दुर्बिणींकडे झुकलेला आहे. याविषयी माझे मत वेगळे आहे. इग्नाझियो पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली आणि झाइसने १८९४ पासून दुर्बिणींत वापरलेली लोलकरचना, जिच्यामुळे दुर्बिणीला रुंद खांदे येतात, ती बनवायला तुलनेने सोपी असते आणि तिच्यात प्रकाश काचेच्या आतूनच पूर्णपणे परावर्तित होतो. सरळ नळीत बसणाऱ्या छपराच्या आकाराच्या लोलकात दोन पृष्ठभागांमधला काटकोन अंशाच्या एकदोन सहस्रांशांपर्यंत अचूक घासावा लागतो, त्याच्या प्रचलित प्रकारात एका पृष्ठभागावर आरशासारखा धातूचा किंवा अन्य परावर्तक लेप द्यावा लागतो, आणि प्रकाशलहरींची कला (त्यांच्या चढउतारांची वेळ) जुळवणारा वेगळा लेप नसेल तर बारीक तपशील फिके पडतात. हा कलाजुळणीचा लेप झाइसने १९८८ मध्ये प्रथम आणला. आता तो माफक किमतीच्या काही दुर्बिणींतही मिळतो, पण सर्वांत स्वस्त गटात तो सहसा नसतो. त्यामुळे अगदी कमी खर्चात घ्यायची असेल तर जुन्या धाटणीची, रुंद खांद्यांची दुर्बीण त्याच किमतीच्या सडपातळ दुर्बिणीपेक्षा बहुधा अधिक स्वच्छ दाखवते. तिची उणीवही सांगितली पाहिजे. फोकसचे चाक फिरवले की तिच्या नेत्रिका बाहेर-आत सरकतात, त्यामुळे ती धूळ आणि दमट हवा आत ओढते. पावसाळी प्रदेशात आत बुरशी धरते ती अशाच दुर्बिणींना. ज्यांचे निरीक्षण प्रामुख्याने पावसात किंवा पाण्याकाठी चालते त्यांनी नायट्रोजन भरून बंद केलेली सरळ नळीची दुर्बीण घ्यावी आणि त्यासाठी थोडी अधिक किंमत मोजावी.

माझ्या दुसऱ्या आक्षेपाला मी पहिल्याहून अधिक महत्त्व देतो. स्वस्त दुर्बिणींच्या कारखान्यात वाचवला जातो तो मुख्यत: जुळणीचा आणि तपासणीचा वेळ, आणि त्याचा परिणाम असा की एकाच नावाच्या, एकाच खोक्यातल्या दोन दुर्बिणी एकमेकींसारख्या नसतात. एकीच्या दोन्ही नळ्या तंतोतंत समांतर असतात, दुसरीच्या किंचित तिरप्या. मोठा दोष असेल तर चित्र दुहेरी दिसते आणि तो कोणाच्याही लक्षात येतो. पण लहान दोष मेंदू आपणहून सावरून घेतो, त्यासाठी डोळ्यांच्या स्नायूंना सतत ताण देतो, आणि अर्ध्या तासाने डोके दुखू लागते. पाहणारा मात्र समजतो की आपल्यालाच दुर्बिणीची सवय नाही. विशेषत: एक नळी वर आणि दुसरी खाली रोखलेली असेल तर डोळे ते फार थोडेच सहन करतात. याची परीक्षा कोणालाही करता येते. दूरच्या एखाद्या आडव्या तारेवर किंवा छपराच्या कडेवर दुर्बीण रोखावी आणि ती हळूहळू डोळ्यांपासून वीतभर दूर न्यावी. दोन्ही वर्तुळांतील आडवी रेषा एकाच पातळीत राहिली पाहिजे. एकीत ती वर आणि दुसरीत खाली सरकलेली दिसली तर ती दुर्बीण परत ठेवून त्याच प्रकारची दुसरी मागावी. आपल्या परीक्षकांनी ज्या दुर्बिणीला ‘डोळ्यांना थकवणारी’ म्हणून बाद केले, तिच्या बाबतीत हे तपासले होते का, हे वाचकाला कळत नाही. तो दोष त्या प्रकाराचा असेल किंवा त्या एकाच नगाचा. एक नग पाहून ते ठरवता येत नाही. कमी-जास्त पट करता येणाऱ्या झूम दुर्बिणींत तर दोन्ही बाजूंची हलती भिंगे सतत एकसारखी सरकावी लागतात, आणि कमी किमतीत ते साधणे इतके अवघड असते की हा प्रकार नवख्याने विचारातच घेऊ नये.

थकव्याचे दुसरे कारण दुर्बिणीत नसून ती न जुळवता वापरण्यात असते. प्रथम मधली बिजागरी हलवून दोन्ही नेत्रिका स्वत:च्या डोळ्यांच्या अंतराइतक्या आणाव्यात. मग उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे, आणि नंतर डावी झाकून उजव्या नेत्रिकेवरील कडे फिरवून उजव्या डोळ्याचे. हे एकदाच करावे लागते. एक दुर्बीण अनेक हातांतून फिरते तेव्हा ती प्रत्येकाने आपल्यापुरती लावून घेतली नाही तर तिच्याविषयीचे कोणाचेही मत धरण्यात अर्थ नाही.

चष्मा वापरणाऱ्यांचा प्रश्न परीक्षणात एका वाक्यात उरकला आहे, तो तसा उरकण्याजोगा नाही. केवळ जवळचा किंवा दूरचा नंबर असलेला माणूस चष्मा काढूनही फोकसच्या चाकाने स्पष्ट पाहू शकतो, पण सिलिंडरचा मोठा नंबर असणाऱ्याला चष्म्यासकटच पाहावे लागते. त्यासाठी नेत्रिकेपासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. अन्यथा किल्लीच्या भोकातून पाहावे तसे दृश्याचा मधला तुकडाच हाती लागतो. नेत्रिकांवरील रबरी कडा पूर्ण खाली करून, स्वत:चा नेहमीचा चष्मा लावून पाहणे हाच यावर निर्णय. लहान मुलांच्या बाबतीत उलट बाजूची अडचण येते: त्यांच्या दोन डोळ्यांतील अंतर कमी असते आणि बऱ्याच मोठ्या दुर्बिणी तितक्या मिटत नाहीत.

फुलपाखरे आणि चतुर पाहणाऱ्यांसाठी दुर्बीण किती जवळचे स्पष्ट दाखवते हा आकडा निर्णायक ठरतो. दोन-अडीच मीटरवरचे दिसले तर उत्तम. पाच मीटरच्या आतले स्पष्ट न दाखवणारी दुर्बीण त्यांच्या उपयोगाची नाही. ढगाळ पांढऱ्या आकाशासमोरच्या काळ्या फांदीभोवती जांभळट-हिरवट कडा स्वस्त दुर्बिणीत थोड्याफार दिसणारच. मध्यभागी त्या सौम्य असतील तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. चित्राच्या कडेचा धूसरपणाही या किमतीत क्षम्य मानावा, मधला भाग लख्ख असला म्हणजे झाले. मला वाटते, परीक्षकांनी या दोन दोषांना जितके गुण कापले तितके कापायला नको होते, कारण पक्षी आपण मध्यभागी आणूनच पाहतो. फोकसच्या चाकात ढिलाई असेल तर मात्र गुण अवश्य कापावेत. दिशा बदलताना चाक फिरते आणि चित्र हलत नाही, असे असेल तर उडत्या पक्ष्यावर दुर्बीण कधीच वेळेत लागत नाही.

यापुढे असे परीक्षण प्रसिद्ध करताना प्रत्येक प्रकाराचे किमान दोन-तीन नग वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घ्यावेत आणि त्यांच्यात फरक आढळला तर तो तसाच छापावा. पाहणी दुपारच्या उन्हाबरोबरच सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासातही करावी आणि परीक्षकांमध्ये चष्मा वापरणारा एक तरी माणूस असावा. तक्त्यात पटीच्या शेजारी झोताची जाडी, अंशांतील दृष्टिक्षेत्र, चष्म्यासह पाहता येणारे अंतर, जवळात जवळचे फोकस आणि वजन हे रकाने द्यावेत. संधिप्रकाश गुणांकाचा रकाना वगळला तरी चालेल. सूर्याकडे दुर्बीण रोखल्यास डोळ्याला कायमची इजा होते ही सूचना तेवढी ठळक अक्षरांत, तक्त्याच्या वरच यावी. या वेळी ती कोठेच नव्हती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निसर्गनिरीक्षक वाचक