ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत

संपादक महोदय,

माझं फैजपूरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम आहे. केळीची कापणी जोरात असली की सावदा-रावेर रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात; थांबवण्याचा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर.

न्यूटनचा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलाय : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. ब्रेकचं बल १०,००० न्यूटन धरा. ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून ५ टन असेल, तर ताशी १८ किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सव्वासहा मीटरवर थांबते. वजन १० टन झालं की साडेबारा मीटर. त्यात वेगही दुप्पट केला, तर तेच अंतर चौपट, म्हणजे ५० मीटर! पाय पेडलवर पडेपर्यंत गाडी जाते ते वेगळंच.

शिवाय मागचा माल ट्रॅक्टरला पुढे रेटतो, वळणावर आडवा करतो. माझ्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांत डाव्या-उजव्या मागच्या चाकांची दोन वेगळी ब्रेक पेडल जोडणारी पट्टी कित्येकदा उघडीच असते. शेतात वळायला ते ठीक, पण रस्त्यावर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो. पट्टी लावायला कितीसा वेळ लागतो, भाऊ?

परिवहन विभागाने हंगामात रस्त्यावरच ट्रॉल्यांचे ब्रेक आणि वजन तपासावं. बागायतदारांनीही एक खेप जास्त करावी, पण ट्रॉली खच्चून भरू नये.

– एक ट्रॅक्टर मेकॅनिक, फैजपूर (जि. जळगाव)